बारा आठवडे आणि त्यांपुढचे बारा आठवडे

स्मरणिकेसाठी काही लिहून द्या, असा निरोप संपादक मंडळाकडून आला की काही तरी सबब सांगून सुटका करून घेण्याची माझी रीत मंडळातील सर्वांना परिचित आहे. या वर्षी मात्र मी आपण होऊन लेख देतो म्हणालो. विषयही मीच निवडला. हिपॅटायटिस सी हा यकृताचा विकार, त्याच्या विषाणूने औषधांना दाद न देणे आणि दोन-तीन औषधे एकत्र योजून त्या विषाणूवर मिळविलेला विजय, असा तो विषय आहे. आपल्या स्मरणिकेचे वाचक दोन प्रकारचे. एक आपले व्यवसायबंधू आणि दुसरे इंदुरातील मराठी समाजबांधव. दुसऱ्यांना कंटाळा येऊ नये आणि पहिल्यांना ‘हे आम्हांस ठाऊकच आहे’ असे वाटू नये, ही कसरत मला कितपत साधेल, कोण जाणे. परंतु लेखणी हाती घेण्याचे खरे कारण शास्त्रीय नाही. ते एका रुग्णाचे आहे आणि त्यात चूक माझी आहे.

त्यांना मी तात्या म्हणत असे. इंदुरातील एका कापड गिरणीत विणाई खात्यात ते कामाला होते. १९८६ साली यंत्रात हात सापडून मोठा रक्तस्राव झाला, तेव्हा त्यांना दोन बाटल्या रक्त द्यावे लागले. रक्त विकून पोट भरणाऱ्यांचा तो काळ. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १ जानेवारी १९९८ पासून हा व्यवहार आपल्या देशात बंद झाला. शिवाय १९८६ साली या विषाणूला नावही नव्हते. ‘ए नाही, बी नाही’ अशा नकारार्थी नावाने ओळखली जाणारी ही कावीळ कोणत्या विषाणूमुळे होते, याचा शोध मायकेल हौटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ साली लावला. हौटन, हार्वे ऑल्टर आणि चार्ल्स राइस यांना त्यासाठी २०२० चे नोबेल पारितोषिक मिळाले. तेव्हा तात्यांना त्या दोन बाटल्यांतून काय मिळाले, हे त्या दिवशी जगातील कोणत्याही प्रयोगशाळेला सांगता आले नसते. तेवीस वर्षांनी, २००९ मध्ये, हर्नियाच्या शस्त्रक्रियेपूर्वी केलेल्या नेहमीच्या तपासण्यांत ते उघड झाले. तात्या त्या वेळी चोपन्न वर्षांचे होते. कसलाही त्रास नव्हता. या रोगाची हीच रीत आहे. तो वीस-तीस वर्षे घरात गुपचूप राहतो आणि घर पोखरतो.

त्या काळी आमच्या हाती होते ते इंटरफेरॉन आणि रिबाविरिन. साधे इंटरफेरॉन १९९१ पासून, त्याच्या जोडीला रिबाविरिन १९९८ पासून आणि आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे पेगिलेटेड इंटरफेरॉन २००१ पासून, असा तो प्रवास. तात्यांनी भविष्यनिर्वाह निधीतून पैसे काढले आणि २०१० मध्ये चोवीस आठवड्यांचा उपचार घेतला. दर शनिवारी इंजेक्शन, रविवार तापात, आणि सोमवारपासून पुन्हा उभे राहण्याचा प्रयत्न. हिमोग्लोबिन उतरले म्हणून रिबाविरिनची मात्रा मला कमी करावी लागली. उपचार संपताना विषाणू दिसेनासा झाला आणि सहा महिन्यांत परत आला. इंटरफेरॉन विषाणूवर थेट घाव घालत नाही. ते शरीराच्या स्वतःच्या संरक्षणव्यवस्थेला चेतवते. म्हणून त्या अपयशाला औषधप्रतिरोध म्हणण्यापेक्षा शरीर थकले असे म्हणणेच योग्य.

खरा प्रतिरोध दिसू लागला तो विषाणूवर थेट काम करणाऱ्या औषधांमुळे. येथे थोडे गणित मांडतो. समाजबांधवांनी घाबरू नये, हे शाळकरी गुणाकारच आहेत.

हिपॅटायटिस सी झालेल्या माणसाच्या शरीरात दररोज सुमारे एक लाख कोटी नवे विषाणू तयार होतात. विषाणूचा सारा आराखडा सुमारे ९,६०० अक्षरांत लिहिलेला असतो. त्याची नक्कल करणारे विकर लिहिलेले तपासून पाहत नाही. दहा हजार ते एक लाख अक्षरांमागे एक, अशा प्रमाणात चुका होतात. ९,६०० जागांपैकी कोणत्याही एका जागी तीन प्रकारे चूक होऊ शकते, म्हणजे एका अक्षराचा फरक असलेल्या शक्य आवृत्त्या २८,८००. रोजच्या एक लाख कोटींत त्यातील प्रत्येक आवृत्ती पुनःपुन्हा उमटणारच. दोन अक्षरांचा फरक असलेल्या आवृत्त्या सुमारे ४१ कोटी होतात. त्याही त्या गर्दीत सामावून जातात. पण तीन अक्षरांचा फरक धरला की शक्य आवृत्त्यांची संख्या सुमारे चार लाख कोटींवर जाते आणि येथे प्रथमच विषाणूचे दिवसाचे उत्पादन अपुरे पडते. शिवाय चुकलेल्या आवृत्त्यांपैकी बहुतेक मरतुकड्याच असतात.

याचा अर्थ असा की एक गोळी दिली आणि ती चुकविण्यास एका अक्षराचा बदल पुरत असेल, तर ती चुकविणारा विषाणू पहिली गोळी गिळण्यापूर्वीच रुग्णाच्या शरीरात हजर असतो. औषध त्याला जन्म देत नाही. औषध त्याच्या भाऊबंदांना मारून त्याला मैदान मोकळे करून देते, इतकेच. टेलाप्रेविर या औषधाच्या बाबतीत हेच घडले. ते एकटे चौदा दिवस देऊन पाहिले, तेव्हा विषाणूंची संख्या हजारपटींहून अधिक घसरली आणि काही रुग्णांत त्या चौदा दिवसांच्या आतच पुन्हा वर चढू लागली. वर चढणारे विषाणू होते ते औषधाला न जुमानणारे. म्हणून २०११ साली टेलाप्रेविर आणि बोसेप्रेविर बाजारात आली ती इंटरफेरॉन व रिबाविरिनच्या जोडीनेच द्यावयाची म्हणून आली.

आपल्या पिढीला यात नवल वाटण्याचे कारण नव्हते. क्षयरोगाने हा धडा आपल्याला फार पूर्वी दिला होता. १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश वैद्यकीय संशोधन परिषदेच्या स्ट्रेप्टोमायसिनच्या चाचणीत सहा महिन्यांअखेर औषध घेतलेल्या ५५ जणांपैकी चारच दगावले होते, तर निव्वळ विश्रांती घेणाऱ्या ५२ पैकी १४. केवढा आनंद झाला असेल! पण पाच वर्षांनी हिशेब मांडला तेव्हा पहिल्या गटातील ३२ आणि दुसऱ्या गटातील ३५ मरण पावले होते. एकट्या औषधाला जंतूंनी निरुत्तर केले होते. त्यानंतर पी.ए.एस.ची जोड आली, पुढे आयसोनियाझिड आले आणि क्षयाचा उपचार म्हणजे अनेक औषधांचा उपचार हे सूत्र कायमचे ठरले. एड्सच्या विषाणूबाबतही तेच. १९८७ मध्ये एकटे झिडोवुडिन आले आणि १९९६ च्या सुमारास तिहेरी उपचार. फरक एवढाच की एड्सचा विषाणू आपला आराखडा पेशीच्या गुणसूत्रांत लपवून ठेवतो, म्हणून त्याच्यावरील औषध जन्मभर घ्यावे लागते. हिपॅटायटिस सीच्या विषाणूला असे लपण्याचे ठिकाण नाही. त्याची नक्कल काही आठवडे पूर्णपणे थांबविली की तो संपतो. कायमचा संपतो. दीर्घकाळ टिकणाऱ्या विषाणूजन्य विकारांत हे भाग्य क्वचितच लाभते.

इंटरफेरॉनविना केवळ गोळ्यांच्या जोडीने हे साधेल का, याची पहिली चाचपणी २०१० साली प्रसिद्ध झाली. तेरा दिवस दोन गोळ्या एकत्र देऊन विषाणू दाबता येतो, एवढेच तीत सिद्ध झाले. २०१२ साली अधिक बोलका पुरावा आला. इंटरफेरॉनला दाद न दिलेल्या अकरा रुग्णांना डॅक्लाटासविर आणि असुनाप्रेविर या दोनच गोळ्या चोवीस आठवडे दिल्या, त्यांतील चौघे बरे झाले. अकरापैकी चार हा आकडा कोणास किरकोळ वाटेल. पण त्या चौघांच्या शरीरातून विषाणू निव्वळ गोळ्यांनी गेला होता, आणि उरलेल्या सातांनी दाखवून दिले होते की दोन औषधे पुरेशी असतीलच असे नाही. दोन्हींचा अडसर ठेंगणा असेल तर विषाणू दोन्ही ओलांडतो.

उंच अडसर मिळाला तो सोफोसबुविरच्या रूपाने. विषाणूची नक्कल करणाऱ्या विकराच्या नेमक्या मर्मस्थानी हे औषध खोटे अक्षर बनून बसते आणि साखळी तेथेच तुटते. त्याला चुकविणारा बदल विषाणूला करता येतो, नाही असे नाही. पण तो केला की विषाणू स्वतःच इतका दुबळा होतो की त्याची वाढ नीट होत नाही. डिसेंबर २०१३ मध्ये अमेरिकेत या औषधाला मान्यता मिळाली तेव्हा एका गोळीची किंमत एक हजार डॉलर आणि बारा आठवड्यांची ८४ हजार डॉलर होती. आपल्याकडे २०१४ च्या सप्टेंबरात मूळ कंपनीने भारतीय उत्पादकांना परवाने दिले आणि मार्च २०१५ मध्ये अठ्ठावीस गोळ्यांची बाटली २० हजार रुपयांच्या आत मिळू लागली. पुढे ती आणखी स्वस्त झाली. पहिली बाटली मी हातात घेतली तेव्हा इंटरफेरॉनचे सारे शनिवार डोळ्यांसमोरून गेले, हे कबूल करतो.

आता तात्यांकडे परत येतो. आपल्या देशात या विषाणूचा तिसरा जनुकीय प्रकार सर्वाधिक आढळतो. तात्यांचाही तोच होता. २०१६ मध्ये मी त्यांना सोफोसबुविर आणि डॅक्लाटासविर ही जोडगोळी बारा आठवडे दिली. औषधे योग्य होती. चुकला तो माझा हिशेब. तात्यांची सोनोग्राफी ‘यकृत किंचित खरखरीत’ म्हणत होती, तेवढ्यावर मी सिऱ्हॉसिस नाही असे धरून चाललो. वस्तुतः त्यांचा एस.जी.ओ.टी. ९२ होता आणि प्लेटलेट्स १ लाख १० हजार. एस.जी.ओ.टी.ला त्याच्या ४० या सामान्य मर्यादेने भागून, शंभराने गुणून, प्लेटलेट्सच्या हजारांतील आकड्याने भागले की उत्तर दोनच्या वर येते आणि दोनच्या वर म्हणजे सिऱ्हॉसिस समजून चालावे, असा संकेत आहे. हे गणित कागदाच्या कडेला अर्ध्या मिनिटात होते. ते मी केले नाही. तिसऱ्या प्रकारच्या विषाणूला हीच जोडगोळी बारा आठवडे दिली असता, पूर्वी उपचार न झालेल्यांपैकी ९० टक्के बरे झाले होते, पण सिऱ्हॉसिस असलेल्यांपैकी ६३ टक्केच, असे २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत स्पष्ट छापलेले होते. तात्यांना रिबाविरिनची जोड आणि अधिक मुदत हवी होती. इंटरफेरॉनच्या दिवसांत रिबाविरिनने त्यांचे हिमोग्लोबिन उतरविले होते, म्हणून मलाच ते नकोसे वाटत होते, हेही खरे.

याहून मोठी चूक पुढे आहे. बारा आठवडे संपले, व्हायरल लोड तपासला, विषाणू आढळला नाही. तात्या आणि काकू पेढे घेऊन दवाखान्यात आले. मी पेढा तोंडात टाकला आणि म्हणालो, “तात्या, सुटलात!”

उपचार संपण्याच्या दिवशी विषाणू न दिसणे म्हणजे बरे होणे नव्हे. उपचार संपल्यानंतर बारा आठवड्यांनीही तो दिसला नाही, तर मात्र रुग्ण बरा झाला असे म्हणावयाचे. हे मी विद्यार्थ्यांना शिकवीत असे. तात्यांना मी तीन महिन्यांनी या असे तोंडी सांगितले असावे, पण ‘सुटलात’ म्हटल्यावर कोण येतो? तेही आले नाहीत आणि मीही निरोप धाडला नाही.

ते आले २०१८ च्या दिवाळीनंतर. पायांना सूज, पोटात पाणी, डोळे पिवळे. काकूंनी मला विचारले, “अहो डॉक्टर, तुम्ही तर गेला म्हणाला होता ना हो?” त्यांच्या स्वरात राग नव्हता, आणि त्यामुळेच मला उत्तर सुचले नाही. विषाणू दहा लाखांच्या घरात होता. रक्ताचा नमुना बाहेर पाठवून त्याची अक्षरे वाचून घेतली, तेव्हा डॅक्लाटासविर ज्या प्रथिनावर काम करते त्याच्या ९३ व्या जागी टायरोसिनच्या ऐवजी हिस्टिडिन आलेले दिसले. हा बदल मुळातच त्यांच्या शरीरात थोड्या प्रमाणात होता की माझ्या अपुऱ्या उपचाराने त्याला राज्य दिले, हे आता सांगता येणार नाही. २०१६ चा नमुना कोणी ठेवला होता? एवढे मात्र ठाऊक आहे की या जातीचे बदल एकदा माजले की दोन दोन वर्षे आणि त्याहूनही अधिक काळ टिकतात. टेलाप्रेविरला चुकविणारे विषाणू औषध थांबताच काही महिन्यांत मागे पडतात. हे तसे नव्हेत, हे आपले स्थान सोडीत नाहीत.

योगायोगाने त्याच वर्षी, २८ जुलै २०१८ रोजी, केंद्र सरकारचा राष्ट्रीय विषाणूजन्य यकृतशोथ नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला होता आणि औषधे विनामूल्य मिळू लागली होती. २०१९ च्या आरंभी तात्यांना सोफोसबुविर, वेल्पाटासविर आणि रिबाविरिन अशी तीन औषधे सुरू झाली, रिबाविरिन थोड्या मात्रेने, चोवीस आठवडे. या वेळी संपल्याच्या तारखेपुढे बारा आठवडे मोजून पुढची तारीख मी स्वतः त्यांच्या घरच्या दिनदर्शिकेवर लाल शाईने लिहून आलो. त्या तारखेला विषाणू नव्हता. त्यानंतरही नव्हता. तीन औषधांच्या एकजुटीने त्या हट्टी ९३ क्रमांकाला नमविले होते.

यकृत मात्र पुरते सावरले नाही. पोटातील पाणी ओसरले, तात्या पुन्हा सायंकाळी फिरायला जाऊ लागले, दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी होत राहिली. २०२२ मध्ये तीत यकृताचा कर्करोग दिसला आणि त्याच वर्षी ते गेले. सिऱ्हॉसिस झालेल्यांत विषाणू गेल्यावरही हा धोका पूर्ण जात नाही, हे व्यवसायबंधूंना सांगण्याची गरज नाही. २०१६ मध्येच योग्य उपचार झाला असता तर तात्या वाचले असते, असे मी ठामपणे म्हणणार नाही. पण ती दोन वर्षे विषाणूला मी दिली, हे म्हटलेच पाहिजे.

आता माझे मत. संयुक्त उपचारांनी विषाणूचा प्रतिरोध जवळजवळ जिंकलेला आहे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत तिसऱ्या प्रकारच्या रुग्णांना सोफोसबुविर व वेल्पाटासविर बारा आठवडे दिल्यावर ९५ टक्के बरे झाले. ज्यांच्या विषाणूत ९३ क्रमांकाचा बदल आधीपासून होता, त्यांच्यातही ८४ टक्के बरे झाले. एका जोडीला दाद न दिलेल्यांसाठी वोक्सिलाप्रेविर हे तिसरे औषध घालून बनविलेली गोळी २०१७ मध्ये अमेरिकेत आली, तिने अशा रुग्णांतही ९६ टक्के यश मिळविले. २०१८ च्या आपल्या राष्ट्रीय औषधयोजनेत ती गोळी नव्हती. आपल्या भात्यातील शेवटचा बाण म्हणजे रिबाविरिनसह चोवीस आठवडे. बाण थोडे असतील तर पहिला नेमका लागला पाहिजे.

यावर मित्रांत दोन तट पडतात. एक तट म्हणतो, प्रत्येक रुग्णाच्या विषाणूची अक्षरे आधी वाचून घ्यावी, मग औषध ठरवावे. मला हे पटत नाही. वरील ८४ टक्क्यांचा आकडाच त्याला उत्तर आहे. बदल असूनही बहुसंख्य बरे होतात, आणि ती महागडी तपासणी सक्तीची केली तर निम्मे रुग्ण दारातूनच परततील. पंजाबात जून २०१६ पासून सरकारने जिल्हा रुग्णालयांतून सोप्या पद्धतीने उपचार दिले. सिऱ्हॉसिस नसेल तर जनुकीय प्रकारही न तपासता. नंतरची तपासणी ज्यांची झाली त्यांतील ९० टक्क्यांहून अधिक बरे निघाले. साधेपणात यश आहे. अक्षरे वाचावयाची ती पहिला उपचार फसल्यावर.

दुसरा तट नेमका उलट. ९५ टक्के बरे होतातच, मग नंतरची तपासणी तरी कशाला? तेवढा खर्च वाचवा. हे मत मला अधिक धोक्याचे वाटते, कारण ते शहाणपणाचे वाटते. ९५ टक्के हा चाचणीतला आकडा आहे. तेथे रुग्णाची रोजची गोळी मोजली जाते. आपल्याकडे पहिली बाटली संपली की मुलीच्या लग्नाच्या गडबडीत दुसरी आठ दिवस उशिरा येते. उज्जैनच्या यात्रेला जाताना गोळ्या घरी राहतात. आणि आपल्या शहरात तर सकाळी उपाशीपोटी ॲसिडिटीची गोळी घेणे हा जणू दिनचर्येचा भाग! पोह्यांवर शेव आणि जिलेबी खाणाऱ्यांना ती लागणारच. पण वेल्पाटासविरला विरघळण्यासाठी जठरातील आम्ल लागते. आम्ल मारणारी गोळी चालू असेल तर वेल्पाटासविर रक्तात अपुरे उतरते. कागदावर दोन औषधे, विषाणूसमोर मात्र जेमतेम दीड. रिफाम्पिसिन आणि मिरगीवरील फेनिटॉइन व कार्बामाझेपिन तर या गोळ्यांना शरीरात टिकूच देत नाहीत. रुग्ण ही औषधे दुसऱ्या डॉक्टरांकडून घेत असतो आणि आपण विचारले नाही तर तो सांगत नाही. जोडऔषधाची सारी शक्ती विषाणूसमोर एकाच वेळी दोन-तीन अडसर उभे असण्यात आहे. त्यातील एक नकळत आडवा पडला की आपण रुग्णाला पुन्हा स्ट्रेप्टोमायसिनच्या १९४८ सालात नेऊन सोडतो.

म्हणून माझ्या मते उपचारानंतर बारा आठवड्यांनी करावयाची तपासणी उपचाराच्या चिठ्ठीतच लिहावी, शेवटचे औषध म्हणून. ज्यांचे फसले ते पाच टक्के असोत की दहा, त्यांच्या अंगात आता साधा विषाणू उरलेला नाही, निवडून राहिलेला आहे. तो त्यांच्या यकृताला पोखरील आणि डायलिसिसच्या खोलीत, थॅलेसेमियाच्या मुलांच्या वॉर्डात किंवा न उकळलेल्या सुईतून दुसऱ्याकडेही जाईल. यंत्रांची अडचणही पूर्वीसारखी राहिलेली नाही. क्षयाच्या निदानासाठी बसविलेल्या जीन एक्स्पर्ट यंत्रावर हिपॅटायटिस सीचा व्हायरल लोड मोजता येतो. गोव्यातील कंपनीच्या ट्रूनॅट यंत्रावरही तो मोजता येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ मध्ये भारतात हिपॅटायटिस सीचे सुमारे ५५ लाख रुग्ण होते. त्यांतील शंभरात पाच जरी हुकले तरी पावणेतीन लाख होतात.

सरकारी केंद्रात रुग्णाची नोंद होते, तो आला नाही तर निदान कागदावर कळते. आम्हा खासगी वैद्यांकडे काय आहे? क्षयाचा रुग्ण सरकारला कळविणे मे २०१२ पासून आम्हांला बंधनकारक आहे आणि सुरुवातीला कुरकुर केली तरी आम्ही ते शिकलो. हिपॅटायटिस सीच्या प्रत्येक उपचाराचा शेवट कळविण्याचे तसे बंधन आमच्यावर असावे, असे मला वाटते. ते येईल तेव्हा येवो. तोवर आपल्या मंडळापुरती एक वही ठेवता येईल. मंडळाच्या सभासदांकडे मिळून या रोगाचे फार रुग्ण नसतील. नाव गुप्त ठेवून क्रमांक, औषधे, सुरू केल्याची तारीख, संपल्याची तारीख आणि त्यापुढील बारा आठवड्यांची तारीख एवढे पाच रकाने. वार्षिक सभेत हिशेबाबरोबर तेही वाचावे. मागील सभेत मी हे सुचविले तेव्हा एका ज्येष्ठ मित्राने, “आपण डॉक्टर आहोत, तलाठी नव्हे,” असे म्हटले आणि सभा हसली. मीही हसलो. सूचना मात्र मागे घेतलेली नाही.

माझ्यापुरती वही मी २०१९ पासून ठेवली आहे. लाल पुठ्ठ्याची, बाजारात मिळते तशी, खतावणीची. आजपर्यंत तीत सदतीस क्रमांक आहेत. चौतिसांचा शेवटचा रकाना भरलेला आहे, त्यांतील एकाला दुसऱ्यांदा उपचार द्यावे लागले. तिघांचा रकाना रिकामा आहे. दोघांना फोन लागले, येतो म्हणाले आहेत. तिसऱ्याचा फोन बंद येतो. पत्ता परदेशीपुऱ्याचा आहे, आणि सोमवारी दवाखाना सुटल्यावर माझा कंपाउंडर तेथे जाणार आहे.